तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी घरी का रंगवली?

कॉटन मार्केटात भाजी घेताना, अंबाझरीवर फिरताना, कोणाच्या लग्नात पंगतीला बसलो असताना सुद्धा, जो भेटतो तो हेच विचारतो, "काहो, नागपुरात एवढे गॅरेजवाले पडले आहेत, तुम्ही घरी काऊन रंगवून राहिले?" दरवेळी हसून टाळतो. आज सविस्तर सांगतो, एकदाचं.

एकदा गॅरेजला दिली होती की. अकरा वर्षं झाली. दीड महिन्याने गाडी आली ती अशी चमकत होती की मी गल्लीत पेढे वाटले. तिसऱ्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या दाराखाली एक फुगा दिसला, बोटाने सहज दाबला तर अंगठा आत गेला. फ्रिजवरचं चुंबक आणून लावलं, ते खाली पडलं. जिथे जिथे लावलं तिथे पडलं, कारण खाली पत्राच नव्हता, भाकरीएवढी जाड पुट्टी होती आणि तिच्या मागे वर्तमानपत्राचा बोळा. बोळा उलगडला तर कूलरची जाहिरात निघाली. रागवावं का हसावं तेच समजेना.

तेव्हा ठरवलं, की रंग बरावाईट कसाही होवो, रंगाखाली काय आहे ते मला माहीत असलं पाहिजे.

गाडी कोणती ते सांगायचं राहिलंच. स्टँडर्ड हेरल्ड, दोन दारांची, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेरल्ड, १९५९ची, डिझाइन मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं, आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून बनवली. इंजिन ९४८ सीसीचं, त्यामुळे मी स्पोर्ट्स कार म्हटलं की पोरं हसतात, पण हिचीच चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर काढली आणि ती चांगली दोन सीटची स्पोर्ट्स कार, म्हणजे आमची ही तिची मोठी बहीण झाली, हसू नका.

घरी काम करणाऱ्यासाठी ही गाडी म्हणजे लॉटरी आहे. का, तर ट्रायम्फला बॉडी बनवून देणारी कंपनीच प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली, मग अख्खी बॉडी एका ठिकाणी करून घेता येईना, म्हणून तुकडे वेगवेगळे बनवून बोल्टने जोडायचं ठरलं. त्यांची अडचण, माझी सोय. बोनेट अख्खं पुढे उलटतं, मडगार्डसकट. बोल्ट काढले (काढले म्हणजे निम्मे कापलेच) आणि गल्लीतली चार पोरं बोलावून मागचा भाग उचलून चक्क अंगणातल्या कडुनिंबाखाली ठेवला. ही म्हणाली, आता वाळवणं कुठे घालू?

मग घासणं. हे कोणी विचारत नाही. सगळ्यांना रंग फवारायची गन हातात घेतलेला फोटो पाहिजे. मला शिकवणारे चाचा, चाळीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलेले, ते म्हणायचे, "पेंट तो एक घंटे का काम है, बाकी सब घिसाई." ८० नंबरच्या काचकागदाने सुरुवात, मग १८०, ३२०, मग वॉटर पेपर लावून ४००, ६००, ८००. पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, नाहीतर सकाळी गंजाची लाली आलेली असते. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करून घेतला, ते मात्र मी नाही केलं, वेल्डर घरी बोलावला आणि समोर स्टूल टाकून बसलो. पुट्टी लावली, खोटं कशाला बोलू, पण नखाएवढी.

एक मूर्खपणा केला. बॉडी चेसीवर बसवून दारांच्या फटी आधी जुळवायच्या असतात, रंग नंतर. मी उत्साहाच्या भरात उलटं केलं आणि पहिल्यांदा दार लावलं तेव्हा कडेचा ताजा रंग खरवडून निघाला.

आता नागपूरचा उन्हाळा. टप मी मे महिन्यात मारला, तेही नवतपात, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. पारा ४५च्या वर, रंग पातळ करायचं थिनर गनमधून निघून पत्र्यावर पोचेपर्यंत वाटेतच उडून जातो, रंगाला पसरायला वेळच मिळत नाही, हात फिरवला तर काचकागद. कूलर लावून पाहिला, त्याने खसच्या काड्या आणि पाण्याचे शिंतोडे उडवले. पावसाळ्यात तर बोलूच नका, मी एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट वापरला आणि हवेत ओल असली की तो पांढुरका पडतो. म्हणून दिवाळीनंतर ते जानेवारी, तेही सकाळी दहानंतर, एवढाच काय तो आपला सीझन. बाकीचे महिने घासा. तेवढं सांभाळूनही बोनेटवर जे दाणेदार टेक्स्चर आलं त्याला पेंटर लोक ऑरेंज पील म्हणतात, आणि संत्रानगरीत ते माझ्याच गाडीवर यावं, चाचा तीन दिवस हसून राहिले होते.

पण सगळ्यात भारी किस्सा सांबारवडीचा. नोव्हेंबर, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर स्वस्त, हिने वड्या तळायला घेतल्या, पोर्च स्वयंपाकघराला लागून, आणि मी तिकडे मागच्या मडगार्डवर कोट मारतोय. बघता बघता रंगात गोल गोल खळगे, माशाच्या डोळ्यांसारखे. तेलाची वाफ पत्र्यावर बसली की रंग तिथून बाजूला सरकतो. मी ओरडत आत गेलो, हिने प्लेट हातात दिली. वड्या खाल्ल्या आणि मडगार्ड परत घासलं.

एनसीच का, पीयू (पॉलियुरेथेन) रंग का नाही, हेही विचारतात. पीयू टिकतो जास्त, चकाकतो जास्त, मान्य. पण तो कडक व्हायला जे हार्डनर मिसळतात त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ते फुप्फुसाला फार वाईट, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि आमच्या पोर्चच्या वरच्या खोलीत ऐंशी वर्षांची आई झोपते. एनसीलाही कार्ट्रिजवाला मास्क लावतोच, रुमाल बांधून गन धरणाऱ्याला मी जवळ उभं करत नाही. आणि एनसी चुकला तर घासून परत मारता येतो, माझ्यासारख्याला तेच बरं. आठ कोट मारले, मग चमक आणायला रबिंग कंपाउंडने घासणं, खांदे गेले.

खर्च नका विचारू, हिशोबाची वही हिच्याकडे आहे आणि ती दाखवत नाही.

बघायला यायचं तर खुशाल या, येताना चुंबक आणलंत तरी चालेल. फक्त रविवारी सकाळी नको. ड्रायव्हरचं दार परत रंगवून राहिलो, आणि हिला सांगून ठेवलंय की त्या दिवशी पोहे बाहेरून येतील, तर्रीसकट.