रोहूचा केक: खवले शेपटीकडून

साचा ठरला, स्पंज ठरला आणि काल रात्री खवल्यांचा नमुनाही मनासारखा उतरला. रविवारी भाचीचा सहावा वाढदिवस. तिला केक माशाचा हवाय, आणि मासा रोहूच हवाय. आजोबांचं बोट धरून ती मासळी बाजारात जाते, रोहू कुठला आणि कटला कुठला हे लांबून सांगते. गोल केकचा त्रिकोणी तुकडा काढून मागे शेपूट म्हणून चिकटवायची युक्ती आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण या पोरीला तेवढ्यावर भागवणं मला पटेना.

म्हणून केकचे फोटो बाजूला ठेवले आणि आधी मासाच नीट पाहिला. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. मृगळ तळाशी चरतो. रोहू मधल्या थरातला. त्याचं तोंड लहान, खालच्या बाजूला झुकलेलं, पाठ कमानदार, शेपूट खोलवर दुभंगलेली, पर लालसर. तोंडाचा हा एवढासा कोन चुकला की रोहूचा कटला होतो, आणि भाचीच्या ते पहिल्या नजरेत लक्षात येईल. कागदावर पूर्ण मापाची आकृती काढून कापून ठेवली आहे.

स्पंज बिनअंड्याचा, कारण आईला अंडं चालत नाही. १३ बाय ९ इंचांच्या ट्रेसाठी मैदा ३७५ ग्रॅम, दही ५०० ग्रॅम, साखर ३०० ग्रॅम, तेल २४० मिली, बेकिंग पावडर अडीच लहान चमचे, सोडा एक लहान चमचा. दही-साखरेत पावडर आणि सोडा घालून पाच मिनिटं ठेवायचं, बुडबुडे आले की मगच तेल आणि मैदा. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. गार झाल्यावर गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये, म्हणजे सुरी फिरवताना भुगा पडत नाही.

आता खवले. माझा सगळा जीव इथेच अडकलाय.

सांगलीच्या मे महिन्यात बटरक्रीमचा विचारही करू नका. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि आपल्याकडे दुपारी पारा चाळिशीजवळ असतो. मी व्हाइट कंपाउंडचं (कोको बटर नसलेल्या पांढऱ्या चॉकलेटचं) गनाश घेतलं: साडेतीन भाग चॉकलेट, एक भाग क्रीम. पिशवीतून टिकल्यांची उभी ओळ काढायची, प्रत्येक टिकली लहान पॅलेट नाइफने एका दिशेला ओढायची, आणि ओढलेल्या भागावर पुढची ओळ बसवायची. ही पद्धत बहुतेकांना येते. प्रश्न असतो तो सुरुवात कुठून करायची याचा. खवल्याची मोकळी, गोल कड शेपटीकडे असते. म्हणजे पहिली ओळ शेपटीच्या मुळाशी आणि ओढ डोक्याकडे. घरावर कौलं चढवतात तसंच, वळचणीपासून आढ्याकडे. उलट केलंत तर केक सुंदर दिसेल, पण तो मासा पोहताना पाण्याला अडवेल.

रंगही माशाकडूनच घेतला. पाठ गडद, पोट फिकट. वरच्या ओळींना कोको आणि किंचित काळा जेल रंग, खाली येताना प्रत्येक ओळीत साधं गनाश वाढवत न्यायचं. पोटाला सोनेरी झाक हवी होती, तिथे आपली हळद कामी आली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तिला या केकवर जागा हवीच! हळदीचा रंग स्निग्ध पदार्थात चांगला उतरतो, त्यामुळे चॉकलेटमध्ये चिमूटभर पुरते आणि वासही येत नाही. स्पंजमध्ये मात्र सोड्याजवळ ती नेऊ नका, सोड्याने हळद तांबडी होते.

परांसाठी वितळलेलं कंपाउंड बटर पेपरवर पसरलं, अर्धवट घट्ट झाल्यावर काट्याने रेघा ओढल्या. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, त्यामुळे टेम्परिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानाला गरम-गार करण्याची, कटकट नाही. लाल रंग तेलात विरघळणाराच घ्या. पाण्याचा थेंबही शुद्ध चॉकलेटचा गोळा करतो. गनाशमध्ये क्रीमचं पाणी आधीच असतं, म्हणून तिथे जेल रंग चालून गेला.

बोर्डावर निळं पाणी करणार नाही. कृष्णेचं पाणी पाहिलेल्या मुलीला हिरवट, मातकट पाणीच खरं वाटेल. ते चायना ग्रासचं (अगर-अगरचं) करतेय, कारण एकदा घट्ट झालं की ते साधारण ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. जिलेटिन आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. वाळूला मारी बिस्किटांचा चुरा, गोट्यांना तासगावचे काळे बेदाणे.

उरलाय तो डोळा. डार्क चॉकलेटच्या चकतीवर चायना ग्रासचा पातळ थर देऊन चकाकी आणायचा विचार आहे. असा डोळा कुणी केला असेल तर सांगा: थर फ्रीजमध्ये पाणी सोडतो का? की तो रविवारी सकाळीच बसवावा?