दम्याचा पंप आणि लिलाव पुकारणारा गळा

निफाड तालुक्यातल्या एका बाजार समितीत मी कांद्याचा लिलाव पुकारतो. ट्रॅक्टर-पिकअपच्या रांगेतून व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकतो आणि त्याच्या पुढे मी, ‘बाराशे, बारा-दहा, बारा-वीस’ करत. आवाज बसला की माझं कामच बसतं. दमा लहानपणापासून आहे. रोज दोन वेळा कॅप्सूल घालून ओढायचा पावडरचा पंप, त्यात ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल. शिवाय अडीनडीला खिशात निळा पंप.

आधी आवाज घोगरा झाला. ओरडून ओरडून होतं तसं वाटलं, पण सुट्टीच्या दिवशीही तो सुटेना. मग जिभेवर आणि टाळूला पांढरे चट्टे आले आणि तिखट लागलं की आग व्हायला लागली. गावातल्या दवाखान्यात अँटिबायोटिक मिळालं, त्यानं चट्टे वाढलेच. आईचं एकच पालुपद होतं, “अरे, त्या पंपात स्टिरॉइड असतं म्हणे. बंद कर ते, हळद-दूध घे.” आमच्या आवारातही प्रत्येकाकडे गळ्यावरचा उपाय तयार: ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग. पंप मात्र मी सोडला नाही, कारण पावसाळ्यात रात्री उठून बसायचे दिवस मला चांगले आठवतात.

नाशिकच्या छातीच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली, चपट्या पट्टीनं एक चट्टा खरवडला. खाली लालभडक निघालं. बुरशी, म्हणाले. पंपाच्या औषधाचा बराच भाग फुप्फुसात न जाता घशातच बसतो आणि तिथलं स्टिरॉइड बुरशीला रान मोकळं करून देतं. अँटिबायोटिकनं तोंडातले तिला धाकात ठेवणारे जंतू मरतात, म्हणून तेव्हा चट्टे वाढले होते. “पंप ओढल्यावर काय करता?” “चहा पितो.” त्यावर ते हसले नाहीत. प्रत्येक वेळी चूळ भरायची, मान वर करून गुळण्या करायच्या आणि ते पाणी थुंकायचं, हे त्यांनी माझ्याकडून तिथंच बेसिनवर करून घेतलं. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची प्लास्टिकची पोकळ नळी. पावडरच्या पंपाला तो जोडता येत नाही, म्हणून फवाऱ्याचा पंप आणि स्पेसर दिला. तोंडात लावायला क्लोट्रिमॅझोलचं औषधही दिलं. काही दिवसांत चट्टे गेले. आवाज मात्र अर्धाच आला. ते म्हणाले, स्पेसरनं बुरशी आटोक्यात येते, घोगरेपणा दर वेळी जातोच असं नाही. दमा काबूत राहिला तर डोस कमी करून बघू.

दुसरी तक्रार मी जवळजवळ सांगणारच नव्हतो, कारण ती दम्याचीच वाटत होती. कांदाचाळीत साठवलेला जुना उन्हाळ कांदा आला की वाळकी टरफलं आणि काळ्या बुरशीची धूळ उडते. त्यात पुकारता पुकारता गळ्याशी कुणी आवळल्यासारखं व्हायचं, आत घेताना ‘हीऽ’ असा आवाज निघायचा, आणि निळ्या पंपानं काहीच फरक पडायचा नाही. डॉक्टरांनी विचारलं, “श्वास घेताना अडतं की सोडताना? कुठं, हातानं दाखवा.” माझा हात छातीवर गेलाच नाही, कंठावर गेला. फुंकायची तपासणी झाली, स्पायरोमेट्री. दम्याच्या मानानं आकडे बरे होते. मग कान-नाक-घसावाल्यांकडे चिठ्ठी.

तिथं नाकातून बारीक, वाकणारी दुर्बीण घालतात. आधी नाकात बधिर करायचा फवारा. त्याची कडू चव घशात उतरते आणि गिळताना घसा आपला नाहीच असं वाटतं. दुखलं नाही, डोळ्यांतून पाणी मात्र वाहिलं. पडद्यावर स्वरतंतू दिसत होते, श्वास घेतला की उघडणारे, ‘ई’ म्हटलं की मिटणारे. सगळं ठीक. आवळायचं तर लिलावात, इथं खुर्चीत कसं सापडणार? मॅडम म्हणाल्या, “मग लिलाव करा.” नाकात नळी घेऊन मी पुकारायला लागलो. मॅडमनी ‘अजून मोठ्यानं, थांबू नका’ म्हणत भाव पार तीन हजारांवर नेला. बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारातून डोकवायला लागले. आणि मग ते आलंच. मी श्वास आत ओढतोय आणि उघडायचे ते स्वरतंतू पडद्यावर जवळ येताहेत, मागच्या बाजूला जेमतेम फट. बायकोनं ते मोबाइलवर टिपून ठेवलंय. पाहुण्यांना दाखवू नको, एवढंच माझं म्हणणं.

म्हणजे दमा खराच होता आणि हे त्याच्या जोडीला होतं. काही दमेकऱ्यांत दोन्ही एकत्र असतं. निळा पंप श्वासनलिका सैल करतो, स्वरतंतूंना त्याचा उपयोग नाही. पण दोन्ही डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली: हे कशामुळे होतंय ते आपल्या मनानं ठरवायचं नाही. दम लागला तर आधी निळाच पंप, आणि फरक पडला नाही तर सरळ दवाखाना.

यावर गोळी नाही, व्यायाम आहे. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी शिकवला: खांदे सोडायचे, जीभ खाली सैल ठेवायची, फूल हुंगल्यासारखे नाकानं दोन छोटे श्वास घ्यायचे आणि ओठांतून ‘श्शऽ’ करत लांब सोडायचा. बरं असतानाच रोज करायचा, म्हणजे आवळल्यावर अंग आपोआप करतं. घसा खाकरायचा नाही, त्यानं तंतू एकमेकांवर आपटतात. कुजबुजायचंही नाही, मला वाटायचं त्यानं आवाजाला आराम मिळतो. भावांच्या मध्ये घोटभर पाणी. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, कारण आम्ल वर आलं तरी हाच गळा चिडतो. मिसळीबद्दल त्या जे म्हणाल्या ते मी निम्मंच पाळतो.

आता आवळायला लागलं की दोन ट्रॉल्यांच्या मध्ये उभा राहून हुंगून घेतो. व्यापारी म्हणतात, अण्णा कांद्याचा वास बघताहेत. आवक जास्त असली की संध्याकाळी आवाज अजूनही घोगरा होतो. समितीकडे छोटा स्पीकर मागितलाय, तो अजून मंजूर व्हायचाय. स्पेसर दर आठवड्याला साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवतो. फडक्यानं पुसला तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध प्लास्टिकलाच चिकटतं. आईला हे पटत नाही, ती तो पदरानं पुसून ठेवते. म्हणून सध्या तो माळ्यावर वाळतो.