आमची वाटचाल : अलिशानचा चहा आणि तिसरं पाणी

तैवानचा उंच डोंगरावरचा उलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला, अर्धवट ऑक्सिडाइझ केलेला चहा, पुण्यात विकायला घेतला, तेव्हा इथे उलाँग म्हणजे वजन उतरवायचा चहा, एवढीच त्याची ओळख होती. आम्ही सुरुवातीपासून दोनच माल ठेवले: अलिशानचा जिन श्वान आणि शानलिनशीचा छिंगशिन. पहिली नावं तैवानच्या डोंगराळ भागांची, दुसरी चहाच्या जातींची. दोन्ही हजार मीटरच्या वरच्या मळ्यांतले, दोन्ही वसंतातल्या नाहीतर हिवाळ्यातल्या खुडणीचे. उन्हाळी खुडणी स्वस्त पडते, पण उन्हात पान भराभर वाढतं आणि तुरटपणा चढतो. तो माल आमच्या दुकानात कधी आला नाही.

चहावर १०० टक्के आयात शुल्क भरून १५० ग्रॅमचं पाकीट काय भावाला पडतं, ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. तरी गिऱ्हाईक जमत होतं. मग शहरातल्याच एका व्यापाऱ्याने ‘अलिशान मिल्क उलाँग’ आणला, आमच्या निम्म्या भावात. पाकीट फोडलं की खोलीभर बासुंदीचा वास. आमचीच गिऱ्हाइकं विचारू लागली, तुमच्या चहाला असा वास का नाही? दोन हॉटेलांनी ऑर्डर तिकडे फिरवली. वसंताचा अख्खा लॉट गोदामात पडून राहिला आणि बँकेचा हप्ता चुकू नये म्हणून दुकानाचा गाळा गहाण टाकावा लागला. हे अजून खुपतं, कारण तो वास पानाचा नव्हताच, वरून मारलेला होता.

जिन श्वान ही तैवानच्या चहा संशोधन केंद्राची १२ क्रमांकाची जात, १९८१ साली बाहेर आलेली. तिच्यात दुधाळपणा आहे, पण तो नाकापेक्षा जिभेला कळतो. घोट मऊ लागतो, गिळल्यावर घशात गोडवा रेंगाळतो. डोंगरावर धुकं आणि थंड रात्री असल्याने पान सावकाश वाढतं, जाड होतं. त्यात कडवट-तुरट कॅटेचिन कमी आणि गोडवा देणारी अमिनो आम्लं जास्त. बासुंदीचा घमघमाट यातून येत नाही.

पारख तिसऱ्या पाण्याला होते, म्हणजे त्याच पानांवर तिसऱ्यांदा ओतलेल्या पाण्याला. मारलेला वास पहिल्या दोन पाण्यांत उतरतो, मग हाती उरतं नुसतं तुरट पाणी. वाटीच्या झाकणाला मात्र तो असा चिकटतो की घासूनही जात नाही. खऱ्या मालाची घट्ट वळलेल्या पानांची गोळी तिसऱ्या पाण्यालाच कुठे पुरती उमलते, आणि फुलांचा दरवळ पाचव्यापर्यंत टिकतो. भिजलेलं पान उलगडून बघा: एका देठावर दोन-तीन पानं, जाड, ओढली तरी चटकन न फाटणारी.

हे चारचौघांत करून दाखवलं ते प्रभात रोडच्या एका निवृत्त रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकाबाईंनी. दोन्ही पाकिटं घेऊन आल्या, काउंटरवर शेजारी शेजारी चहा केला आणि तिसरं पाणी दुकानात उभ्या असलेल्यांना पाजलं. पडून असलेल्या लॉटमधून त्या दरमहा पाकिटं नेत राहिल्या, ओळखीच्यांना पाठवत राहिल्या. आमचा गाळा सुटला त्यात बाईंचा वाटा मोठा आहे.

भांडं म्हणाल तर झाकणाची पांढरी चिनी मातीची वाटी, ११० मिलिलिटरची, पातळ काठाची. जाड काठाची बोटं भाजते आणि ओतताना ओघळते. मातीची किटली पहिल्या वर्षी घेऊच नका. ती सुगंध पिते आणि मालातला दोष झाकते. काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा, कारण गोळीदार चहा चमच्याने मोजला की हमखास जास्त पडतो. ६ ग्रॅम पुरे. ८ घातले तर उमललेली पानं झाकण उचलतात आणि मधली पानं घुसमटून अर्धवट मिटलेली राहतात. पाणी उकळी आल्या आल्या ओता. हिरवट दिसतो म्हणून ग्रीन टीसारखं ८० अंशांचं पाणी घालणारे बरेच आहेत. त्याने गोळी उघडत नाही, चहा फिका होतो आणि दोष आमच्या मालावर येतो. पहिलं पाणी ५० सेकंद, दुसरं ३५ ते ४०, कारण तोवर गोळी सैल झालेली असते, तिसरं पुन्हा ५०, मग दर खेपेला १५-२० सेकंद वाढवायचे. प्रत्येक वेळी वाटी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करा. तळाशी राहिलेलं पाणी पुढचा घोट कडू करतं.

बोअरच्या जड पाण्यात हा सुगंध दबतो. आरओचं अगदी हलकं पाणीही चव सपाट करतं. दोन्ही मिसळून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, ५० ते १०० वर आणा.

आणि पाकीट पाहूनच घ्या. गोळ्या कडक असतात, पाकीट बंद करताना आतली हवा ओढून घेतात तेव्हा देठाचं टोक पाकिटाला सुईएवढं भोक पाडतं. विटेसारखं घट्ट पाकीट दाबल्यावर सैल लागलं, तर हवा शिरली आहे. पावसाळ्यात असं पाकीट महिन्याभरात शिळं होतं. आम्ही ते बदलून देतो, बिल नसलं तरी.