घोटा मुरगळलाय? आधी बोट, मग एक्सरे

कॅज्युअल्टीत पाय मुरगळून आलेला माणूस खुर्चीत बसायच्या आधीच विचारतो, एक्सरे कधी काढताय? आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना तो लागतच नाही. यासाठीच कॅनडात इयान स्टील आणि त्यांच्या टीमने १९९२ मध्ये ओटावा अँकल रूल्स, म्हणजे मुरगळलेल्या घोट्याचा एक्सरे कधी काढायचा ते ठरवायचे नियम, मांडले, वाचायला एकदम सोपे, पण लोक दाबतात भलतीकडेच! सूज दिसते पुढच्या बाजूला म्हणून बोट तिथेच जातं, तिथे हाडांना जोडणारं लिगामेंट असतं, दुखणारच की. दाबायचं असतं ते घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, आतून आणि बाहेरून दोन्हीकडे, मग करंगळीच्या बाजूच्या लांब हाडाचं बूड आणि पायाच्या आतल्या बाजूचं नॅव्हिक्युलर नावाचं हाड. यातलं कुठे हाडावर दुखलं, किंवा लागल्यावर लगेच आणि आत्ताही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्सरे. लंगडत टाकली तरी चालतात हां, ऐटीत चालून दाखवायची गरज नाही.

पेशंट प्यायलेला असेल, डोक्याला मार असेल किंवा डायबेटिसमुळे पायाला संवेदनाच कमी असेल तर मात्र हे नियम बाजूला ठेवा.

माझं म्हणणं एवढंच की घोट्यापाशीच थांबू नका. बोट वर गुडघ्याखालपर्यंत न्या, घोटा पिळवटला की कधीकधी फिब्युला, म्हणजे नडगीशेजारचं बाहेरचं बारीक हाड, तिकडे वरती मोडतो आणि घोट्याच्या एक्सरेत तो येतच नाही. 'मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं' असं कोणी म्हणालं की मी आधी पालथं झोपवते आणि पोटरी दाबते, पंजा हलला नाही तर अकिलीस, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर, तुटलाय असं धरून चालायचं, पंजा खाली करता येतोय म्हणून फसायचं नाही कारण बाकीचे स्नायू ते काम करतात. तळव्यावर काळंनिळं दिसलं तर लिसफ्रँकची, म्हणजे पायाच्या मधल्या भागातल्या सांध्यांच्या दुखापतीची, शंका घ्या, झोपवून काढलेला एक्सरे यात चक्क नॉर्मल येऊ शकतो, जमत असेल तर पायावर वजन देऊन उभ्याने काढा. आणि उंचावरून टाचेवर पडलेला असेल तर कंबरही तपासा, टाचेसोबत मणकाही मोडलेला सापडतो.

घोटा निखळून कातडी ताणून पांढरी पडली असेल किंवा नाडी लागत नसेल, तर एक्सरेच्या रांगेत पाठवू नका, दुखणं कमी करायचं औषध देऊन आधी घोटा जागेवर बसवा, फोटो नंतर.