टेबलाचे पाय चार इंच कापले, त्याची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी दिवाळी आटोपली आणि डाव्या हाताची करंगळी नि तिच्या शेजारचं बोट सकाळी उठल्यावर बधिर लागायला लागलं. मान आणि उजवा खांदा तर लॉकडाऊनपासून दुखतच होता, पण तो घरातल्या गळक्या नळासारखा, सवयीचा झालेला. बोटं बधिर झाली तेव्हा मात्र घाबरले, कारण मी पोट भरते ते बोटांवर. घरून अनुवाद करते. रोज सात-आठ तास मराठी टायपिंग.

हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या कमी दिल्या आणि प्रश्न जास्त विचारले. कोपर कशावर टेकवता? किती वेळ? कोपर कुठे आपटलं की ज्या नसेमुळे करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तीच नस दाबली जात होती. मूळ मजकूर वाचताना डावं कोपर टेबलाच्या कडेवर आणि गाल तळहातावर, ही माझी शाळेपासूनची बैठक. टेबल सासऱ्यांचं, सागवानी. वर नंतर कधीतरी सनमायका मारलेला, त्याची कड चांगली धारदार.

आपल्याकडे दुखणं आलं की आधी खरेदी होते. मीही अकरा हजारांची ‘अर्गोनॉमिक’ खुर्ची ऑनलाइन मागवली. ती आली तेव्हा घरातले सगळे पाळीपाळीने तिच्यावर बसून गोल फिरले, आणि नंतर मी बसले. माझी उंची पाच फूट. मागे टेकायला जावं तर सीटची पुढची कड गुडघ्यामागे रुतायची, म्हणून मी पुढे सरकून बसायची आणि कमरेचा तो महागडा आधार पाठीपासून वीतभर लांब राहायचा. हातांसाठीच्या दांड्या टेबलाच्या कडेला आपटायच्या, त्यामुळे खुर्ची आत सरकेचना. दुकानदार परत घेईना. पंधरा दिवसांत खांदा आधीपेक्षा जास्त धरला.

मग एका रविवारी शिवणाची टेप घेतली आणि मुलाला मापं घ्यायला लावली. पाय जमिनीवर सपाट, हात बाजूला सैल सोडलेले, कोपर काटकोनात. जमिनीपासून माझं कोपर २४ इंचांवर. टेबलाची उंची ३० इंच! म्हणजे एवढी वर्षं मी सहा इंच उंच ओट्यावर पोळ्या लाटल्यासारखं टाइप करत होते, खांदे कानाला लावून. खुर्ची वर घ्यावी तर पाय लोंबकळणार, आणि टेबलाखालच्या खणाला मांड्या अडणार.

तेव्हा आठवली ती नव्वदच्या दशकातली आमची टायपिंग इन्स्टिट्यूट. मराठीच्या मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या दोन्ही परीक्षा मी तिथूनच दिल्या. तिथली टेबलं बुटकी होती. बाईंचं टेबल उंच आणि आमची खाली, हा मला मानाचा प्रश्न वाटायचा. पण त्या लिहायच्या पेनाने आणि आम्ही बडवायचो मशीन. लिहिताना माणूस वाकतो, हात कागदावर टेकतो, तिथे ३० इंच चालून जातात. टाइप करताना हात अधांतरी असतात. मनगट खाली पडलं की बाई मागून पट्टीने टोचायच्या. संगणक आला तसे आम्ही तो उचलून सरळ लिहायच्या टेबलावर ठेवला, आणि पट्टी घेऊन मागे उभं राहणारं कुणी उरलं नाही.

टेबलाचे पाय कापायचे, हे सासूबाईंना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. “ह्यांचं टेबल आहे गं ते,” एवढंच म्हणाल्या. दोन दिवसांनी स्वतःच म्हणाल्या, “काप. तेही उशी घेऊनच बसायचे खुर्चीवर.”

डोंबिवलीत एवढ्याशा कामाला सुतार मिळणं म्हणजे दिव्य. जो आला त्याने आधी खात्री करून घेतली, “ताई, कमी करायचंय? लोक वाढवून मागतात.” सहा नाही, चारच इंच कापायला सांगितले. मिस्टर पाच फूट आठ. २६ इंचांवर त्यांचे हात नीट बसतात आणि त्यांना पायाखाली काही लागत नाही. माझ्यासाठी खुर्ची १८ इंचांवर आणली आणि पायाखाली अडीच इंचांचा जेवणाचा पाट घेतला. खण काढून टाकला. सुताराने पुढची कड रंध्याने गोल करून दिली, खुर्चीच्या दांड्याही त्याच्याकडूनच काढून घेतल्या. पाठीमागे घट्ट गुंडाळलेली सोलापुरी चादर ठेवते, म्हणजे सीटची खोली आपोआप कमी होते. अकरा हजारांच्या खुर्चीला चादरीने माणसात आणलं.

लॅपटॉपचं दुखणं वेगळंच. पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना शिवलेले; हाताला सोयीचं करावं तर मान खाली, मानेला करावं तर हात वर. म्हणून कीबोर्ड नि माउस वेगळे घेतले, आकड्यांची पट्टी नसलेला कीबोर्ड, म्हणजे माउस जवळ येतो. लॅपटॉप दिवाळी अंकांच्या थप्पीवर चढवला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी, असं सगळीकडे सांगतात, तसंच केलं. आणि आठवड्याभरात मान मागच्या बाजूने दुखायला लागली.

याचा उलगडा चष्म्याच्या दुकानात झाला. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. जवळचं दिसतं ते काचेच्या खालच्या भागातून. पडदा वर गेला तशी मी नकळत हनुवटी उचलून नाकाच्या शेंड्यावरून वाचत होते. नियम चुकीचा नव्हता, पण तो चाळिशी न लागलेल्यांचा होता. सहा अंक काढले, तेव्हा मान जागेवर आली. पुढे डोळा ते पडदा अंतर मोजून, २४ इंच, फक्त तेवढ्यासाठीचा चष्मा करून घेतला आणि चार अंक परत चढवले.

टेबल खिडकीला काटकोनात फिरवलं, पडद्यावरची चकाकी गेली. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद पाहायचं म्हणतात. आमच्या खोलीत वीस फूट कुठले आलेत? म्हणून समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीकडे बघते. तिथल्या आजींच्या वाळवणावर कावळे आले की आधी मलाच कळतं.

बोटांचा बधिरपणा जायला तीन-साडेतीन महिने लागले. गाल हातावर टेकवायची सवय काही पूर्ण गेलेली नाही. मुलगा दिसेल तिथून ओरडतो.

पाटाचा मात्र तंटा झालाय. सासूबाई चार फूट दहा. माझी मापामापी बघून त्यांनी एकदा टेप ओट्याला लावली, तर तो ३४ इंच. आता कणीक मळताना त्या पाटावर उभ्या राहतात. दहा वाजता मी कामाला बसते तेव्हा पाट बहुतेक ओट्याखाली असतो, आणि त्याला पीठ लागलेलं असतं.