पावसाळ्यात फोनला बंधारे शिकवावे लागतात

गावोगावच्या दूध संस्थांमधली फॅट मशीन (दुधातली स्निग्धता मोजणारी यंत्रं) आणि वजनकाटे दुरुस्त करणं हे माझं काम. कोल्हापूर जिल्ह्यातले करवीर, पन्हाळा आणि राधानगरी हे माझे तालुके. पहाटे संकलन सुरू होतं. मशीन बंद पडलं की सेक्रेटरींचा लगेच फोन येतो, तोवर दारात किटल्या घेऊन रांग लागलेली असते. अशा वेळी सगळ्यात जवळचा रस्ता हवा असतो, आणि आमच्याकडचा जवळचा रस्ता बऱ्याचदा बंधाऱ्यावरून जातो.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत ओळीनं बांधलेले खांब. पावसाळा सरला की खांबांमधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाआधी ते काढून घ्यायचे. खांबांवर अरुंद स्लॅब असतो. त्यावरून माणसं, जनावरं, मोटारसायकली सगळी जातात. उन्हाळ्यात हा सरळसाधा रस्ता असतो. जुलैत त्यावरून नदी वाहते. पाणी पोटरीपर्यंतच असलं तरी गढूळपणामुळं स्लॅबची कड दिसत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी धरायला कठडाही नसतो.

नकाशात मात्र तो बारा महिने रस्ताच. गुगल मॅप्समध्ये दुचाकीचा वेगळा पर्याय डिसेंबर 2017 मध्ये भारतात आला तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण गाडीला न चालणाऱ्या बारक्या वाटाही आता तो सुचवणार होता. आजही शहरात मी तोच वापरतो. पण रहदारी कळते ती त्या रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांच्या फोनवरून. बुडालेल्या बंधाऱ्यावर कुणी जातच नाही, मग लाल रेघ कुठून उमटणार? पहाटे साडेपाचला फोनला तो रस्ता मोकळा दिसू शकतो.

म्हणून पावसाळ्यात मी ओस्मअँड वापरतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालणारं हे ॲप आहे. महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवून घेतला की रेंज नसलेल्या भागातही रस्ता काढून देतं, कारण उपग्रहांवरून जागा ओळखायला फोनला इंटरनेट लागत नाही. राधानगरीच्या वरच्या अंगाला याचा फार आधार वाटतो. पण माझ्या दृष्टीनं त्यातली सगळ्यात मोलाची सोय वेगळीच आहे: नकाशावर एखाद्या रस्त्यावर बोट दाबून धरायचं आणि तो टाळायला सांगायचं. पुढं कुठलाही मार्ग काढला तरी ॲप तो तुकडा सोडून वळसा दाखवतं. जूनमध्ये एका संध्याकाळी मी चहा घेऊन बसतो आणि एकेक बंधारा बंद करतो. भोगावती नदीवरचे हळदी, राशिवडे, शिरगाव, तारळे. कासारीवरचे यवलूज, ठाणे-आळवे, बाजारभोगाव. पंचगंगेवरचे शिंगणापूर आणि राजाराम.

पाऊस थांबलाय म्हणून बंधारा मोकळा असेल, हा हिशेबही भोगावतीला लागू पडत नाही. राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, मग रात्र असो की दिवस. संध्याकाळी ज्या स्लॅबवरून आलो, तो सकाळी पाण्याखाली असू शकतो, आणि आपल्या गावात मात्र ऊन पडलेलं असतं. सकाळी निघायच्या आधी मी पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची प्रशासनाची यादी बघतो. ती आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतेच. राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळीही बघतो. तिथं इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. बारके बंधारे त्याच्या कितीतरी आधी बुडालेले असतात.

यवलूजजवळ एकदा गोठ्यातून आलेल्या एका म्हाताऱ्या मामांनी लांबूनच हात केला. "दादा, गाडी वळवा. रात्रीपासनं पाणी चढायलंय." मी वळवली. नदीकाठच्या माणसानं असा हात केला की फोन काय म्हणतोय ते ऐकायचंच नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता फोन कुठं ठेवायचा? हँडलवरच्या होल्डरमध्ये पावसात मी तो ठेवत नाही. स्क्रीनवर थेंब पडले की फोनला ती बोटंच वाटतात, नकाशा आपोआप सरकतो, कधी मार्गच बंद होतो. शिवाय इंजिनाच्या हादऱ्यानं कॅमेऱ्याचं नुकसान होऊ शकतं, असा इशारा ॲपलनं 2021 मध्येच दिला आहे. माझा फोन रेनकोटच्या आतल्या खिशात असतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत. डाव्या कानात एकच इअरफोन, आवाज बारीक. उजवा कान रस्त्यासाठी. मागून येणाऱ्या टेम्पोचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे. नकाशा बघायचाच असेल तर गाडी कडेला घेऊन, स्टँडवर लावून बघावा.

पत्ता शोधतानाही जपावं लागतं. नुसतं 'बीड' टाकलं तर फोन मराठवाड्याकडं तोंड करतो, आपल्याला जायचं असतं कसबा बीडला. सेक्रेटरींना मी संस्थेच्या दारात उभं राहूनच लोकेशन टाकायला सांगतो. घरून टाकलेलं लोकेशन वाडीच्या भलत्याच टोकाला नेतं.

पावसाळा सरला तरी ॲपमधल्या रस्ता टाळायच्या खुणा मी एका दमात काढत नाही. त्या बाजूला काम निघालं की दिवसाउजेडी बंधाऱ्यावर उतरतो, स्लॅबवरून चालत पलीकडं जातो, गाळ किती बसलाय आणि कुठं भगदाड पडलंय का ते बघतो, मगच तो रस्ता फोनमध्ये चालू करतो. सगळ्या बंधाऱ्यांच्या जागा मी एका फाईलमध्ये साठवल्या आहेत. कुरिअरची पोरं, वायरमन, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, ज्यांना या तीन तालुक्यांत पावसात बाईकवर फिरावं लागतं त्यांनी खाली कळवा, फाईल पाठवून देतो.