इथल्या भिंतीला छिन्नी लावायची नाही

माझा वायरिंगचा धंदा. कोणतंही काम सुरू होतं ते भिंतीवर चॉकनं रेघा मारून, मग कटर मशीन, मग छिन्नी. म्हणून नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या बंगल्यात पहिल्याच दिवशी आर्किटेक्ट मॅडम म्हणाल्या, "भाऊ, इथल्या एकाही भिंतीला छिन्नी लागणार नाही," तेव्हा मनात म्हटलं, झालं, इथंच दिवाळी करा आता.

बंगला माझ्या ओळखीचा. गच्चीच्या कठड्यावर सिमेंटमध्ये उठवलेला आकडा आहे, १९३९. कोपरा जहाजाच्या नाकासारखा गोल, जिन्यावर उभी लांब काच, आणि घराला पट्टा बांधावा तसा सगळीकडून फिरलेला छज्जा. नक्षी नाही, कमान नाही. लहानपणी मला ते एखादं सरकारी ऑफिस वाटायचं. गंमत म्हणजे त्याच वर्षांत सिव्हिल लाइन्समध्ये हेन्री मेड या ब्रिटिश आर्किटेक्टचं हायकोर्ट उभं राहत होतं, घुमट आणि खांबांसकट. १९४० मध्ये ते खुलं झालं. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी. सरकारला रुबाब दाखवायचा होता, या घराच्या मालकाला बहुतेक फक्त नीट राहायचं होतं.

जुनी वायरिंग सागवानी पट्टीवरची. आतली रबराची वायर वाळून अशी झालेली की बोट लावलं की पापडासारखी तुटायची. अर्थिंगचा पत्ता नाही. एवढ्या वर्षांत आग कशी लागली नाही, देव जाणे. आम्ही पट्ट्या उतरवल्या, नंबर टाकले, घासून पॉलिश केल्या आणि नवी तांब्याची वायर त्याच वाटेनं नेली, सोबत अर्थिंगची हिरवी. एमसीबी-आरसीसीबीचा, म्हणजे बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारा बोर्ड जिन्याखालच्या कपाटात लपवला. बेकेलाइटचे गोल काळे स्विच दिव्यांपुरते ठेवले. सात फुटलेले होते, त्यांच्या जोडीचे शोधायला भंगारवाल्यांकडे हिंडलो. एसीची लाइन मात्र वेगळी, त्यात हौस चालत नाही.

आता कबुली. दिवाणखान्यातलं फॉल्स सीलिंग १९९७ मध्ये लागलं, तेव्हा त्यात दिवे बसवायला उस्तादांबरोबर हेल्पर म्हणून मीच होतो. आता ते काढलं, तर वर छताला पंख्याच्या हुकाभोवती प्लास्टरची तीन वर्तुळं, एकात एक, आणि भिंतीत छताला लागून झरोक्यांची ओळ. झरोके आम्हीच बंद केले होते! खोलीतली गरम हवा वर जाऊन तिथून निघायची, आणि आम्ही तिच्या तोंडावर प्लाय ठोकून वर चार हॅलोजन लावले. मग घरात उकडतं म्हणून कूलर.

काम मे महिन्यात चालू होतं, म्हणजे घराची परीक्षाच. मेच्या शेवटी इथं दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आपली सावली पायात गोळा होते. त्या वेळी बाहेर जाऊन पाहिलं, तर छज्ज्याची सावली खिडक्यांवरून सरळ खाली उतरलेली, एकाही काचेवर ऊन नाही. चारनंतरचं तिरपं ऊन छज्ज्याला ऐकत नाही, म्हणून पश्चिमेला जिना, न्हाणीघर आणि कोठी. तापायचं ते यांनी तापायचं. झोपायच्या खोल्या पूर्वेला. माझ्या हाताखालची पोरं दुपारचा डबा पश्चिमेची खोली सोडून पूर्वेच्या खोलीत का खातात, ते मला तेव्हा कळलं.

मॅडमनी मोबाइलवर पॅरिसजवळचं एक घर दाखवलं, चंदीगड शहर आखणाऱ्या कोर्बुझिएचं, १९३१ चं. पांढरं, सपाट छताचं, जगभरातून लोक बघायला येतात. म्हणाल्या, ते छत गळायचं, मालकीणबाई तक्रारीची पत्रं लिहायच्या. मी म्हटलं, आमच्याकडून कोबा करून घ्यायचा होता.

सगळंच पटलं असं नाही. जेवणाच्या खोलीत त्यांनी पिवळ्या तारेचे लोंबते बल्ब लावायला सांगितले. १९३९ मध्ये तिथं साधा बल्ब असेल, कॉफी शॉप नव्हतं. सांगून पाहिलं, ऐकलं नाही. लावले.

शेवटी एक स्विच उरला. जेवणाच्या खोलीच्या दाराशी, एकटाच. वायर पट्टीवरून जाते आणि भिंतीतून बाहेर. बाहेर आता शेजारच्या अपार्टमेंटचं पार्किंग आहे. घरातल्या आजींना विचारलं.

"तिकडे स्वैपाक्याची खोली होती जी. घंटी वाजायची तिथं. ती जागा विकली ना आम्ही."

"मग काढून टाकू?"

"राहू द्या."

बाहेर जाणारी वायर कापली, टोकाला टेप मारली. स्विच पुसून होता तिथंच ठेवला.